पहाटे पळणारी पोरं

सोलापुरात चोरी झाली की पोलिसांच्या आधी कट्टा तपासाला लागतो. ठाण्यातून पंचनाम्याला माणूस येईपर्यंत चोर कोणत्या बोळातून आला, कुठल्या गाडीवरून पसार झाला आणि त्याला टीप कुणी दिली, हे सगळं दुसऱ्या कपापर्यंत उलगडलेलं असतं. फक्त चोर सापडायचा राहतो, पण ते काम कट्ट्याचं नव्हे. या तपासांचं एक वैशिष्ट्य मी बारकाईनं पाहिलं आहे. चोर सोलापूरचा कधीच निघत नाही. गाडी ‘केए अठ्ठावीस’ होती, म्हणजे विजापूरची. ‘केए बत्तीस’ होती, म्हणजे गुलबर्ग्याची. नंबरप्लेट दिसलीच नाही, तर मग मराठवाड्यातला, कारण तुळजापूर नाका ओलांडला की पुढं सगळा मराठवाडाच. साताऱ्या-सांगलीच्या माणसाला संशय घ्यायला एवढा ऐसपैस मुलूख मिळत नाही. आमच्याकडं तेलंगणसुद्धा राखीव आहे.

अलीकडं मात्र आमच्या गल्लीला इतक्या लांब जावं लागत नाही. संशयित थेट तिसऱ्या मजल्यावरच राहायला आले आहेत. कॉलेजची पोरं.

आमची गल्ली जुळे सोलापुरात आहे. हा भाग शहरात आला १९९२ च्या हद्दवाढीत. तोवर ३३ चौरस किलोमीटरमध्ये दाटीवाटीनं बसलेलं शहर एका फटक्यात १७८ चौरस किलोमीटरचं झालं. त्याला तीस वर्षं उलटून गेली, तरी आम्हाला अजून ‘हद्दवाढ भाग’च म्हणतात. तिशी ओलांडलेल्या जावयाला कुणी ‘नवरदेव’ म्हणत नाही, पण पेठेतल्या माणसाच्या लेखी आम्ही अजून रानात राहतो. त्यामुळं ‘हे बाहेरून आलेले लोक’ असं आमच्या गल्लीत कुणी म्हणायला लागलं की मी मनातल्या मनात तारीख तपासतो. म्हणणारा स्वतः बार्शीहून, अक्कलकोटहून नाहीतर मंगळवेढ्याहून १९९२ नंतर आलेला असतो.

तशी पोरं या शहराला नवीन नाहीत. दयानंद कॉलेज १९४० चं, संगमेश्वर १९५३ चं, मेडिकल १९६३ चं, वालचंदचं इंजिनिअरिंग १९८३ चं. पण तेव्हाची पोरं समाजाच्या बोर्डिंगात राहायची, एसटीनं गावाकडून आलेला भाकरीचा डबा खायची आणि सुट्टी लागली की गुपचूप गावी जायची. शहराच्या डोळ्यांत ती भरायची नाहीत, कारण शहर तेव्हा मिलच्या भोंग्यावर चालायचं. जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. एवढ्या पाळ्या सुटायच्या की त्या गर्दीत दोन-चारशे पोरं कुठं दिसणार? मग मिली एकेक करून बंद पडल्या, भोंगे थांबले, आणि १ ऑगस्ट २००४ ला एकाच जिल्ह्याचं असं आमचं स्वतःचं विद्यापीठ झालं. त्याआधी आमचे निकाल कोल्हापुरात लागायचे आणि नापास झालेला मुलगा ‘कोल्हापूरच्यांनी मुद्दाम केलं’ म्हणून मोकळा व्हायचा. विद्यापीठ आल्यावर ही सोय गेली. नापास करणारेही आपलेच निघाले. बदलाचा पहिला फटका तो.

पुढचे फटके गल्लीपर्यंत आले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची ‘अभ्यासिका’ झाली. अभ्यासिका म्हणजे लायब्ररी नव्हे, पुस्तक तिथं एकही नसतं. प्लायवूडचे आडोसे घालून केलेले कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक खुर्ची, एक बल्ब, एक चार्जिंगचा पॉइंट आणि एक पोरगं. बाहेर फ्लेक्स: ‘२४ तास खुली. एसी. वायफाय. आरओ पाणी. शांततेची हमी.’ यातली शांतता आत असते. बाहेर तिच्या जिवावर एक गुळाचा चहा, एक मोमोजची गाडी, एक झेरॉक्सवाला आणि दोन मेस उभ्या आहेत. डिस्को भजी खाऊन मोठी झालेली आमची पिढी त्या मोमोजकडं बघते आणि म्हणते, ‘शहराचं काही खरं नाही.’

हे सगळ्यांत मोठ्यानं म्हणतात ते आमच्या समोरचे अण्णा. निवृत्त आहेत, रक्तदाब आहे आणि गल्लीच्या सुरक्षेची काळजी आहे. पोरांनी गल्लीचा सत्यानाश केला यावर ते तासभर बोलू शकतात. रात्री दोनपर्यंत दिवे, गाड्यांचे सायलेन्सर, जिन्यात चपलांचा ढीग, गच्चीवर वाढदिवस आणि केक खाण्याऐवजी तोंडाला फासणं. सगळं खरं आहे. फक्त ही पोरं राहतात ती अण्णांच्याच तिसऱ्या मजल्यावर. हा मजला मंजूर नकाशात नाही. खालच्या दोन मजल्यांना तो उन्हापासून वाचवतो, म्हणून अण्णा त्याला ‘पत्र्याचं शेड’ म्हणतात. शेडात पाच खोल्या आहेत, खोलीत चार कॉट आहेत आणि कॉटवर भाडं आहे. ‘भाडं किती?’ असं विचारलं की अण्णा एकदम समाजसेवक होतात. ‘गरिबाची लेकरं हायती, मालक. आपण काय पैशासाठी करतो का?’

पाण्याचं म्हणाल, तर उजनी भरलं की आमच्या नळाला बातमी रोज येते, पाणी चार-पाच दिवसांनी येतं. आलं की सगळी गल्ली जागी होते आणि प्रत्येक घरातून एक बारीक घुर्र आवाज सुरू होतो. नळाला थेट मोटर लावणं हा गुन्हा आहे, हे प्रत्येकाला ठाऊक आहे आणि शेजारी तो करतो याचा प्रत्येकाला राग आहे. एकदा मोटर लावल्या लावल्याच अण्णांनी मला हाक मारली आणि त्या आवाजावरून ओरडत सांगितलं, ‘काय सांगू तुम्हाला, चोऱ्या लई वाढल्यात!’

आता मूळ प्रकरणाकडं येतो.

पहाटे पाचला आमच्या रस्त्यावर दोन प्रकारचे लोक असतात: चालणारे आणि पळणारे. चालणाऱ्या म्हणजे आमच्या काकू-मावश्या. डॉक्टरांनी सांगितलेली अर्धा तासाची फेरी, पायांत कॅनव्हासचे बूट, अंगावर साडी, साडीवर स्वेटर आणि गळ्यात सोनं. पळणारी म्हणजे पोलीस भरतीची पोरं. १६०० मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत मारले तर वीस पैकी वीस गुण, त्यापुढं सेकंदांच्या हिशेबानं गुण झडत जातात. त्यामुळं पोरगं मागून येतं ते वाऱ्यासारखं येतं. अंधार, निर्मनुष्य रस्ता, मागून धावत्या पावलांचा आवाज. काकूंनी काय समजायचं? हात आपोआप मंगळसूत्रावर जातो, पदर गळ्याभोवती दोन वेढे घेतो आणि चौघी जणी कंपाउंडच्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहतात. पोरगं घाम गाळत बाजूनं निघून जातं. त्याला वाटतं, आपल्याला वाट दिली. तो हात जोडतो. ‘थँक्यू मावशी!’ मावशींना वाटतं, पाळत ठेवून गेला.

यातलं एक पोरगं अण्णांच्या शेडातलं. मोहोळकडचं कुठलं तरी गाव, आईबाप शेतमजूर, पोरगं काळंसावळं, काटक. रात्री अभ्यासिका, पहाटे धावणं आणि संध्याकाळी मोकळ्या प्लॉटवर गोळाफेक. गोळाफेकीला पंधरा गुण असतात. हा गोळा फेकायचा आणि अंधारात काँग्रेस गवतात हरवायचा. मग मोबाईलचा टॉर्च लावून वाकून वाकून शोधायचा. पलीकडच्या बिल्डिंगमधल्या लोकांना काय दिसायचं? आधी भिंतीवरून कुणीतरी उडी मारल्यासारखा धप्प आवाज, मग झुडपांतून फिरणारी बॅटरी. आठवड्यात दोनदा ११२ ला फोन गेला. दोन्ही वेळा हवालदार आले, तेव्हा पोरगं गोळा काखेत धरून उभं. ‘काय करलालास बे हितं?’ ‘साहेब, पोलीस भरती करलालो.’ दुसऱ्या वेळी हवालदारांनी स्वतः गोळा हातात घेतला, कोपर कसं ठेवायचं ते दाखवलं आणि एक फेकून बघितला. तो शेजारच्या कंपाउंडात गेला. तिथून तिसरा फोन झाला म्हणतात.

खरे चोर येत नाहीत असं नाही. येतात, आणि हेल्मेट घालून येतात. ही त्यांची मोठी चूक आहे. सोलापुरात हेल्मेट घातलेला माणूस म्हणजे एक तर पुण्याहून सुट्टीला आलेला, नाहीतर गळ्यातलं ओढून नेणारा. गेल्या हिवाळ्यात पलीकडच्या गल्लीत एका आजींचं गंठण गेलं. तेव्हापासून आमच्याकडं हेल्मेट घातलेल्याला कुणी सरळ पत्ता सांगत नाही. सक्तीची मोहीम निघाली की आठवडाभर सगळं शहर संशयित दिसतं.

घरफोडीचं शास्त्र याहून सोपं आहे. सोलापूरच्या कुठल्याही वर्तमानपत्रात ही बातमी काढून बघा, दोनच कारणं सापडतील. एक, उन्हाळ्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो, घरचे सगळे गच्चीवर झोपतात आणि चोर खालचं घर निवांत पंख्याखाली बसून साफ करतात. दुसरं, घरमालक ‘पुण्याला मुलाकडे गेले असता’. हे वाक्य इतक्या वेळा छापून आलं आहे की छापखान्यात त्याचा खिळा वेगळा ठेवत असावेत. आमची पोरं पुण्यात. हिंजवडीत, खराडीत, नाहीतर पेठेतल्या अभ्यासिकेत. सकाळची हुतात्मा धरून आईबाप चटणीचा डबा आणि कडक भाकरी घेऊन जातात, रविवारी परततात तर कुलूप दारातच असतं, कडी मात्र कोयंड्यासकट भिंतीतून निघालेली. मग कट्टा म्हणतो, ‘या बाहेरच्या पोरांनी पाळत ठेवली असणार.’ बाहेरची पोरं शनिवारी आपापल्या गावी गेलेली असतात. रविवारी सोलापुरात फक्त आम्ही म्हातारे आणि चोर उरतो.

म्हणून आम्ही वर्गणी काढून सीसीटीव्ही बसवले. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव आलं, तेव्हा आता सगळं सरकारच करेल असं वाटलं होतं. सरकारनं रस्ते खोदले. खोदलेल्या रस्त्यावर चोराला गाडी पळवता येईना, हा सुरक्षेच्या दृष्टीनं फायदाच झाला, पण रस्ते परत झाले आणि पुन्हा चिंता लागली. तर कॅमेरे. सहा कॅमेरे आणि अण्णांच्या दिवाणखान्यात एक पडदा. त्या दिवसापासून अण्णांनी टीव्हीवरच्या मालिका सोडल्या. एका महिन्यात कॅमेऱ्यानं जे पकडलं ते असं: दूधवाला दुधाच्या कॅनसाठी शेजारच्या नळावरून पाणी घेताना, कुणाचा कचरा कुणाच्या दारात जातो तो, आमचे खजिनदार प्लॉटच्या कडेला उभे असताना, आणि पहाटे अडीचला टोपी ओढून एक इसम सावकाश जाताना. हे शेवटचं फुटेज व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडलं. ‘ओळखा!’ ‘पोलिसांत द्या!’ ‘चालण्यावरूनच कळतं!’ सकाळी नऊला ग्रुपवर एका काकूंचा मेसेज आला: ‘ते आमचे हे आहेत. झोप येत नाही म्हणून फिरतात.’ त्यानंतर गुड मॉर्निंगची फुलं टाकून विषय झाकण्यात आला.

त्याच आठवड्यात गल्लीतले एक निवृत्त गृहस्थ खरोखर लुटले गेले. दाराला तीन कुलपं, खिडकीला जाळी, जाळीवर जाळी. त्यांना फोन आला की तुमच्या आधार कार्डावर पार्सल निघालंय, तुम्हाला ‘डिजिटल अरेस्ट’ आहे, खोलीच्या बाहेर पडू नका. ते दिवसभर स्वतःच्याच बेडरूममध्ये अटकेत बसले आणि बायकोनं जेवायला हाक मारली तर ‘साहेबांना विचारून येतो’ म्हणाले. निवृत्तीच्या रकमेतली मोठी रक्कम गेली. अशी कुठलीही अटक कायद्यात नसते, हे त्यांना शेवटी सांगितलं कुणी? शेडातल्या पोरानं. त्यानंच १९३० हा सायबर मदतीचा नंबर लावून दिला. कट्ट्यानं या प्रकरणाचा तपास केला नाही. चोर कुठल्या रस्त्यानं आला ते सांगता येईना, गाडीचा नंबर नव्हता, त्यात रस नव्हता.

मोठा गुन्हाही आमच्या आसपासच होता. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईचे पोलीस आले आणि त्यांनी चिंचोली एमआयडीसीतून एमडीचा कारखाना शोधून काढला. चिंचोली म्हणजे पुणे रस्त्यावर, आमचं येणं-जाणं तिथूनच. आम्ही तेव्हा कशात गुंतलो होतो? मेसच्या पोरांनी रस्त्यात चुळा भरू नयेत, या फलकाच्या मजकुरात.

संशयाच्या बाबतीत सोलापूरचा इतिहास जुना आहे, आणि तो काही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. कुठल्या पोटी जन्मला एवढ्यावरून माणूस गुन्हेगार. त्या कायद्याखाली सोलापुरात सेटलमेंट उभी राहिली: तारेचं कुंपण, आत कुटुंबंच्या कुटुंबं, हजेरी, बाहेर जायला परवाना. याच माणसांनी मिलमध्ये राबून शहराचं कापड विणलं. १९५२ च्या ३१ ऑगस्टला ती माणसं कागदोपत्री मुक्त झाली. ‘सेटलमेंट’ हा पत्ता अजून आहे, आणि तो पत्ता सांगितल्यावर ऐकणाऱ्याची भुवई हलते तीही अजून आहे. आमच्या गल्लीनं गेल्या वर्षी लोखंडी गेट बसवलं, वर काटेरी तार ओढली आणि गेटवर वही ठेवली: नाव, गाव, कुणाकडे, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सही. इंग्रज असते तर त्यांना गलबलून आलं असतं. त्यांना पोलीस लावून कुंपणात माणसं ठेवावी लागली, आम्ही वर्गणी भरून आत बसलो.

गेट बसल्यावर ठाण्यातून साहेबांना बोलावून बैठक घेतली. मांडव, खुर्च्या, शाल, श्रीफळ. अण्णांनी प्रास्ताविकात बाहेरच्या पोरांवर पंधरा मिनिटं घेतली. साहेब शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ‘बरोबर आहे तुमचं. माहीत नसलेला माणूस राहायला नको. भाडेकरूची माहिती ठाण्यात देणं मालकाला बंधनकारक आहे. फॉर्म आणलेत. आत्ताच भरून द्या, किती मजले, किती खोल्या, किती माणसं.’ मांडवात अशी शांतता पसरली की अभ्यासिकेनं हेवा करावा. कुणी दोरीला बांधलेल्या पताका मोजायला लागलं, कुणाला फोन आला. अण्णा उभे राहिले आणि म्हणाले, ‘साहेब, भटक्या कुत्र्यांचं काहीतरी करा.’

अण्णांची मुलगी पुण्यात असते, वाकडकडं. त्याच महिन्यात तिचा फोन आला, तो अण्णांनी सवयीप्रमाणं स्पीकरवर घेतला, म्हणून गल्लीला कळला. तिच्या सोसायटीनं ठराव केला होता: एकट्यादुकट्या भाडेकरूंनी रात्री दहानंतर लिफ्ट वापरायची नाही, पाहुणे आणायचे नाहीत, वहीत सही करायची. बाहेरगावच्या मुलांमुळं वातावरण बिघडतंय म्हणे. अण्णांचा रक्तदाब त्या दिवशी खरंच वाढला. ‘बाहेरगावच्या? माझी लेक काय चोर आहे का? इंजिनिअर आहे! पुण्याच्या लोकांना माणुसकीच नाही!’ ते बराच वेळ पुण्याबद्दल बोलले आणि जे बोलले त्यातलं पुष्कळसं मला पटलं. मग त्यांनी चष्मा लावला आणि आमच्या ग्रुपच्या नोटिशीवर सही केली. मजकूर: ‘विद्यार्थी भाडेकरूंनी रात्री दहानंतर गच्चीवर जाऊ नये.’

‘अण्णा, तोच ठराव की हा,’ मी म्हणालो.

‘तसं कसं, मालक? तिथं लिफ्ट हाय. आपल्याकडं लिफ्ट हाय का?’

याला उत्तर नाही. अण्णांना उत्तर देण्याच्या भानगडीत आमच्यात कुणी पडत नाही. शिवाय शहराच्या प्रगतीचा विषय निघाला की ते आमच्यापेक्षा हळवे आहेत. विमानासाठी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये पाडली, त्या धुरळ्याचा व्हिडिओ त्यांनी दहा जणांना पाठवला होता. दोन वर्षांनी, ९ जून २०२५ ला, विमान सुरू झालं. सगळ्या सोलापूरला जायचं होतं मुंबईला, आणि पहिलं विमान निघालं गोव्याला. अण्णा म्हणाले, ‘असू द्या. निघालं तरी.’

पोलीस भरतीची अंतिम यादी लागली तेव्हा शेडातलं ते मोहोळकडचं पोरगं यादीत होतं. गल्लीत फटाके वाजले. हद्दवाढ भागात फ्लेक्स लागायला मृत्यू किंवा निवड यांपैकी एक लागतं. याचा निवडीचा लागला, आणि त्याच्या फोटोखाली अण्णांचा फोटो त्याच्यापेक्षा मोठा. पहाटेच्या फेरीतल्या मावश्यांनी त्याला ओवाळलं. ‘मी पळण्यावरूनच ओळखलं होतं,’ एक म्हणाल्या. कशावरून काय ओळखलं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. पोरानं त्यांच्या पाया पडून हात जोडले तेव्हा त्यांचा हात सवयीनं गळ्याकडं गेला होता, एवढं मी पाहिलं.

पोरगं ट्रेनिंगला गेलं आणि खोली रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी जिन्यात पाटी लावली: ‘यशस्वी खोली. याच खोलीतील विद्यार्थी पोलीस.’ भाडं कॉटमागं पाचशेनं वाढलं. करमाळ्याकडून एक पोरगं बापाला घेऊन बघायला आलं. बापाच्या डोक्याला टोपी, हातात कापडी पिशवी, पिशवीत पोराचे बूट. अण्णांनी खोली दाखवली, कॉट दाखवली, ज्या खिळ्याला त्या पोराची शिट्टी टांगलेली असायची तो खिळासुद्धा दाखवला.

‘सगळं बरंय,’ बाप दबकत म्हणाला. ‘पाणी रोज येतं न्हवं?’

‘पाचव्या दिवशी येतं,’ अण्णा म्हणाले. ‘पण तीन मजले घागर घेऊन चढायला लागतं. गोळाफेकीला हात तयार होतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही मी.’